मृगाच्या पहिल्या सरीचा वास येतो कुठून? उपाशी जिवाणू, मातीतलं औषध आणि भातावरची फवारणी

शहापूर/मुरबाड : मे महिना सरत आलेला असतो. विहिरींनी तळ गाठलेला, पाड्यापाड्यावर टँकरची वाट बघणं चाललेलं, माळावरची माती भेगाळलेली. मग एका दुपारी माळशेजच्या अंगाने ढग चढतात, वारा सुटतो आणि चार टपोरे थेंब पडतात न पडतात तोच तो वास येतो. कधी कधी तर आपल्याकडे थेंबही पडलेला नसतो, पण ओट्यावर बसलेली म्हातारी माणसं वाऱ्याचा वास घेऊन सांगतात, पलीकडच्या गावात झाला पाऊस.

हा वास मातीचा आहे असं आपण म्हणतो. खरं तर तो नुसत्या मातीचा नाही. नदीतली धुतलेली वाळू तापवून तिच्यावर पाणी शिंपडा, तसा वास येणार नाही. तो येतो मातीत राहणाऱ्या एका जातीच्या जिवाणूंमुळे. आणि गंमत अशी की, हे जिवाणू पोटभर जेवलेले असताना वासाच्या भानगडीत फारसे पडत नाहीत. खाणं संपत आलं, पुढचे दिवस कठीण आहेत, हे त्यांना कळलं की मगच त्यांच्यात वास तयार होतो. त्याच सुमाराला, त्याच उपासमारीत, ते आणखी एक गोष्ट बनवतात, ती म्हणजे औषध. टीबीवर चालणारं पहिलं औषध याच जिवाणूंनी दिलं. लेप्टोसाठी सरकारी दवाखान्यातून मिळणारी गोळी यांच्याच घराण्यातली. भातावर आणि भेंडीवर मारल्या जाणाऱ्या काही ओळखीच्या औषधांची मुळंही इथेच निघतात.

म्हणून हे जिवाणू भूक कशी ओळखतात, हा प्रश्न फक्त प्रयोगशाळेतल्या लोकांचा नाही.

बुरशीसारखा दिसणारा, पण बुरशी नसलेला

या जिवाणूचं नाव स्ट्रेप्टोमायसिस. चिमूटभर मातीत असे लाखो असतात. साधे जिवाणू एकटेदुकटे असतात. वाढले की एकाचे दोन, दोनाचे चार. स्ट्रेप्टोमायसिसचं तसं नाही. त्याचा बीजाणू, म्हणजे बी म्हणा ना, ओल मिळाली की रुजतो आणि त्यातून धागे फुटतात. धागे मातीत, पानांच्या कुजलेल्या कचऱ्यात, शेणात शिरतात आणि जे सापडेल ते विरघळवून खातात. मुरलेल्या शेणखताच्या खड्ड्यात राख भुरभुरल्यासारखे पांढुरके धागे दिसतात ना, त्यातले बरेचसे हेच असतात. शेतकऱ्याला ते बुरशी वाटतात. जुन्या शास्त्रज्ञांनाही तसंच वाटलं होतं, म्हणून नावाच्या शेवटी बुरशीचा 'मायसिस' चिकटला आहे.

खाणं भरपूर असेपर्यंत धागे पसरत राहतात. मग एक दिवस खाणं कमी पडतं. आता धाग्याला चालता येत नाही, उडता येत नाही. दुसऱ्या शेतात जायचं तर बी करूनच जावं लागेल. म्हणून तो जमिनीच्या वर, हवेत उभे धागे काढतो आणि त्यांच्या टोकाला मण्यांच्या माळेसारखे बीजाणू तयार करतो. हे बीजाणू कोरडे, कडक, वर्षानुवर्षं टिकणारे. वैशाखाच्या उन्हात ते माळावर पडून राहतात आणि पहिल्या पावसाला पुन्हा रुजतात. भाताचं बियाणं कणगीत राहतं, तसंच.

पण वरचे धागे उभे करायला लागणारं अन्न आणायचं कुठून? बाहेर तर काही उरलेलं नाही. इथे हा जिवाणू जे करतो ते ऐकून थोडं धक्क्यासारखं होतं. तो स्वतःच्याच जुन्या, खालच्या धाग्यांना मरू देतो. ते फुटतात, त्यांच्यातलं अन्न बाहेर पडतं आणि वरचे नवे धागे ते खातात. केळीचं एकदा घड देऊन झालं की ती जाते आणि शेजारचं पिल्लू वर येतं, त्याची आठवण व्हावी असा हा प्रकार.

आता विचार करा. मातीत अन्न सांडलं आहे आणि आजूबाजूला शेकडो जातींचे इतर जिवाणू, बुरशा टपून बसलेल्या आहेत. राखण केली नाही तर सगळं लुटलं जाईल. म्हणून याच वेळी स्ट्रेप्टोमायसिस विष सोडतो, शेजाऱ्यांना मारणारं किंवा निदान थोपवणारं. हे विष म्हणजेच आपण ज्याला अँटिबायोटिक म्हणतो ते. पिकात रानडुक्कर घुसू नये म्हणून माळ्यावर बसून रात्र काढणारा शेतकरी आणि मातीतला हा धागा, दोघांचं काम सारखंच.

भूक लागल्याचं कळतं कसं?

जिवाणूला डोळे नाहीत, मेंदू नाही, पोटही नाही. मग खाणं संपलं हे त्याला कळतं कसं आणि आता बी धरायचं हे ठरवतं कोण?

ठरवतात ती प्रथिनं. डाळीत असतात ती प्रथिनं आपण खातो. पेशीच्या आत मात्र प्रथिनं ही कामकरी माणसं असतात. कोणी खाणं आत ओढतं, कोणी दार राखतं, कोणी निरोप पोचवतं, कोणी गुणसूत्राच्या दोरीवर ठाण मांडून ठरावीक काम बंद ठेवतं. स्ट्रेप्टोमायसिसच्या एका जातीचा, स्ट्रेप्टोमायसिस सिलिकलरचा, संपूर्ण जनुकीय आराखडा इंग्लंडमधल्या शास्त्रज्ञांनी २००२ मध्ये प्रसिद्ध केला. त्यात ७,८२५ जनुकं निघाली. आपल्या पोटातल्या ई. कोलाय या जिवाणूला साधारण ४,३०० पुरतात. माणसालाही वीस हजारांच्या आसपासच आहेत. आणि या ७,८२५ पैकी ९६५ जनुकं फक्त कारभार बघणाऱ्या प्रथिनांची, म्हणजे बाहेर काय चाललंय ते ओळखा, त्याप्रमाणे हे चालू करा, ते बंद करा, असल्या कामाची. आठात एक माणूस कारभारी! ग्रामपंचायतीतसुद्धा इतके नसतात. पण जागा सोडून पळता येत नाही अशाला सावध राहावंच लागतं.

या कारभाऱ्यांतले दोन-तीन प्रकार समजून घेतले तरी बरंच काही उलगडतं.

पहिला प्रकार जोडीने काम करतो. एक प्रथिन पेशीच्या वेशीवर, म्हणजे बाहेरच्या पडद्यात, बसलेलं असतं आणि दुसरं आत. स्फुरद कमी झालं की वेशीवरच्याला ते कळतं. तो आतल्या जोडीदाराच्या हातात एक चिठ्ठी देतो. चिठ्ठी म्हणजे फॉस्फेटचाच एक लहानसा कण. चिठ्ठी मिळाली की आतला जोडीदार गुणसूत्राच्या दोरीवर नेमक्या जागी जाऊन बसतो आणि कामं बदलतात. मातीतून स्फुरद ओढणारी यंत्रणा जोरात चालू होते आणि त्याचबरोबर औषध बनवण्याची वाटही मोकळी होते. उलट स्फुरद भरपूर असेल तर औषध बनत नाही. औषध कंपन्यांच्या मोठमोठ्या टाक्यांमध्ये हा जिवाणू वाढवतात, तेव्हा हीच अडचण येते. साखर किंवा स्फुरद जास्त झालं तर तो नुसता फोफावतो आणि औषध देत नाही. युरिया जास्त पडलेलं भात हिरवंगार दिसतं आणि दाणा कमी धरतं, तसं. म्हणून टाक्यांत खाणं हात राखून द्यावं लागतं.

दुसरा प्रकार दवंडीचा. प्रथिनं बांधायला लागणारा कच्चा माल संपला की पेशीतले प्रथिनांचे कारखाने अडतात. कारखाना अडला की तिथलं एक प्रथिन एक छोटा रेणू भराभर तयार करायला लागतं. १९६९ मध्ये अमेरिकेत तो पहिल्यांदा दिसला तेव्हा प्रयोगाच्या कागदावर अचानक उमटलेला एक ठिपका होता, म्हणून त्याला 'जादूचा ठिपका' म्हणायला लागले. हा रेणू म्हणजे पेशीभर पिटलेली दवंडी : वाढ थांबवा, साठवणीच्या कामाला लागा. स्ट्रेप्टोमायसिसमध्ये ही दवंडी झाली की औषधाची तयारी सुरू होते.

तिसरा प्रकार सगळ्यात मजेशीर. त्यात एक साखर आहे. खेकड्याची पाठ, कोळंबीचं कवच, किड्यांचं अंग, बुरशीची भिंत हे सगळं कायटिन नावाच्या पदार्थाचं असतं. कायटिन फोडलं की त्यातून एक खास साखर मिळते. तिचं लांबलचक नाव बाजूला ठेवू, 'कवचाची साखर' म्हणू. जिवाणूंच्या स्वतःच्या भिंतीतही हीच साखर असते.

ही साखर आत घेण्यासाठी पेशीत प्रथिनांची रांग लागलेली असते. स्लॅब टाकताना घमेली कशी हातोहात जातात, खालच्याने वरच्याला, त्याने पुढच्याला, तसा फॉस्फेटचा कण एका प्रथिनाकडून दुसऱ्याकडे, दुसऱ्याकडून तिसऱ्याकडे जातो आणि शेवटचं प्रथिन साखर आत घेताना तो कण तिच्यावर चिकटवतं. अशी शिक्का मारलेली साखर आत आली की तिच्यात थोडा बदल होतो आणि मग ती गाठते दास-आर नावाच्या प्रथिनाला. हे दास-आर एरवी गुणसूत्रावर कुलूप घालून बसलेलं असतं आणि औषध बनवणारी जनुकं उघडू देत नाही. साखर त्याला येऊन चिकटली की त्याची पकड सुटते. कुलूप निघालं, औषध सुरू. बेल्जियम आणि नेदरलँड्समधल्या शास्त्रज्ञांनी हे २००८ मध्ये दाखवून दिलं.

त्यात एक खोच आहे. खाणं मुबलक असताना हीच साखर आली तर जिवाणू औषध बनवत नाही, बीजाणूही धरत नाही, मजेत वाढत राहतो. खाणं कमी असताना तीच साखर आली तर मात्र बीजाणू आणि औषध दोन्ही सुरू. एकच निरोप, पण दिवस कुठले आहेत त्यावर अर्थ वेगळा. सुगीत दारात पाहुणा आला तर आनंद, आणि ऐन आषाढात, कणगी रिकामी असताना आला तर घरात वेगळीच धावपळ, हे गावात कोणाला समजावून सांगावं लागत नाही. उपासमारीच्या दिवसांत भिंतीतली साखर मोकळी होऊन तरंगते आहे, याचा अर्थ जिवाणूंच्या भिंती फुटताहेत. बहुधा आपल्याच. म्हणजे राखणीची वेळ आली.

टकल्या जाती आणि वासाचं बटण

हे सगळं शोधून काढलं कसं? बिघडलेल्या जिवाणूंवरून. प्रयोगशाळेत काचेच्या थाळीत स्ट्रेप्टोमायसिस वाढवला की वर मखमलीसारखी लव येते, ती म्हणजे हवेतले धागे. काही बिघडलेल्या जातींना ही लवच येत नाही, थाळी तुळतुळीत राहते. शास्त्रज्ञांनी त्यांना सरळ 'टकल्या' असं नाव ठेवलं. काहींना लव येते पण बीजाणूंचा राखाडी रंग चढत नाही, त्या 'पांढऱ्या'. टकल्या जातीत कुठलं प्रथिन बिघडलं आहे ते शोधलं की ते प्रथिन लव उभी करायला लागतं, हे कळतं. असं एकेक करत पन्नास-साठ वर्षं काम चाललं आहे.

२०१४ मध्ये या टकल्यांपैकी एका प्रथिनाचं गुपित उघडलं. पेशीत एक छोटा निरोप्या रेणू असतो. तो भरपूर असेपर्यंत त्याच्या चार कणांची जणू पाचर बसून हे प्रथिन जोडीने गुणसूत्रावर घट्ट बसतं आणि बीजाणूंची सगळी जनुकं दाबून ठेवतं. रेणू कमी झाला की पाचर निघते आणि बीजाणूंचं काम सुरू होतं.

आता वासाकडे येऊ. पहिल्या पावसाच्या वासातला मुख्य पदार्थ म्हणजे जिओस्मिन. अमेरिकेतल्या संशोधकांनी १९६५ मध्ये स्ट्रेप्टोमायसिसपासून तो वेगळा काढून त्याला हे नाव दिलं. अर्थ सरळ आहे, जमिनीचा वास. माणसाचं नाक या बाबतीत कमालीचं तिखट. एक लाख कोटी भागांत जिओस्मिनचे मोजके काही भाग असले तरी आपल्याला कळतं. बाकी वासात झाडापानांची सुकलेली तेलंही असतात. १९६४ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या इझाबेल बेअर आणि रिचर्ड थॉमस यांनी त्यावर निबंध लिहिला, तेव्हा आपल्या उत्तर प्रदेशातले अत्तरवाले तापलेल्या मातीतून हाच वास काढून विकतात, याची नोंद त्यांनी केली होती. शास्त्रज्ञांच्या कितीतरी आधी कनौजच्या लोकांनी तो बाटलीत भरला होता.

पण जिवाणूला वास कशाला हवा? याचं उत्तर २०२० मध्ये स्वीडन आणि इंग्लंडच्या संशोधकांनी दिलं. जमिनीत टुणटुण उड्या मारणारे, ज्वारीच्या दाण्याहूनही लहान असे किडे असतात. पालापाचोळा उचलला की दिसतात. हे किडे जिओस्मिनच्या वासाकडे धावतात, जिवाणू खातात आणि त्यांचे बीजाणू अंगाला लावून, पोटात घेऊन दुसरीकडे पसरवतात. आणि वास बनवणारं जनुक कोणाच्या ताब्यात आहे हे पाहिलं, तर बीजाणू धरायला लावणाऱ्याच कारभारी प्रथिनांच्या ताब्यात. बी तयार झालं की बोलावणं गेलं. आंबा पिकल्यावरच वास सुटतो, कैरीला सुटत नाही, तोच न्याय. पावसाचा थेंब कोरड्या मातीवर आपटला की थेंबाखाली हवेचे बुडबुडे अडकतात आणि फुटताना बारीक तुषार उडवतात, हे अमेरिकेत २०१५ मध्ये वेगवान कॅमेऱ्यांनी टिपलं गेलं. त्या तुषारांवर बसून वास आपल्या नाकापर्यंत येतो.

तळ्यातल्या माशाला चिखलाचा वास येतो, तोही बराचसा याच जिओस्मिनचा. पाण्यातले काही निळे-हिरवे जिवाणू ते बनवतात. आंबटात जिओस्मिन मोडतं. चिंच किंवा कोकम घातल्यावर कालवणाचा वास जातो, हे घरोघरच्या बायकांना रसायनशास्त्र न शिकता माहीत आहे.

पिंपरीच्या मातीतलं औषध

१९४३ मध्ये अमेरिकेत सेलमन वाक्समन यांच्या प्रयोगशाळेत अल्बर्ट शॅट्झ हा तरुण विद्यार्थी शेणखत घातलेल्या शेतातली माती तपासत होता. त्यातल्या एका स्ट्रेप्टोमायसिसपासून स्ट्रेप्टोमायसिन मिळालं, टीबीवर चालणारं पहिलं अँटिबायोटिक. १९५२ चा नोबेल एकट्या वाक्समन यांना मिळाला. शॅट्झचं नाव मागे राहिलं, तो वाद आजही निघतो.

महाराष्ट्रात या कामाचं ठिकाण म्हणजे पिंपरी. माळशेज चढून गेलं की जुन्नर, आणि पुढे पुण्याच्या अलीकडे पिंपरी. तिथे १९५४ मध्ये हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना उभा राहिला. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांची मदत होती आणि दुसऱ्याच वर्षी पेनिसिलिन निघू लागलं. पण तिथले लोक नुसतं परदेशी औषध बनवत बसले नाहीत. एम. जे. तिरुमलाचार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इथली माती तपासली. त्यात सापडलेल्या एका जिवाणूचं नाव पिंपरीवरून 'स्ट्रेप्टोमायसिस पिंपरिना' ठेवलं आणि त्याच्यापासून मिळालेल्या, बुरशीच्या रोगांवरच्या औषधाला नाव दिलं हॅमायसिन. सुरुवातीचा 'हॅ' म्हणजे कारखान्याच्या नावाची इंग्रजी आद्याक्षरं. साल १९६१. पुढे पिंपरीतच ऑरिओफंजिन हे पिकांवरच्या बुरशीसाठीचं औषधही तयार झालं.

अजून किती शिल्लक आहे? पुण्याच्या गरवारे महाविद्यालयात शिकवणारे मिलिंद वाटवे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ मध्ये याचं गणित मांडलं. त्यांच्या अंदाजाने फक्त स्ट्रेप्टोमायसिस या एका घराण्यात एक लाखाच्या आसपास असे पदार्थ निघू शकतात आणि हाती लागले आहेत त्यातले अगदी थोडे. हा निबंध जगभर आजही वापरला जातो. मग बाकीचे का सापडत नाहीत? पुन्हा भुकेचाच मुद्दा. प्रयोगशाळेत जिवाणूला आयतं, भरपेट खाणं मिळतं, त्यामुळे त्याची निम्मीअधिक कुलपं उघडतच नाहीत. म्हणून दास-आरसारख्या कुलपांचा आणि कवचाच्या साखरेसारख्या किल्ल्यांचा एवढा शोध चालू आहे.

एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगायला हवी. मातीत औषध असतं, म्हणून जखमेवर माती लावायची नाही. त्याच मातीत धनुर्वाताचे बीजाणूही असतात. विळा, कोयता लागला तर जखम साबणाने धुवायची आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन इंजेक्शनचं विचारायचं.

कृषी सेवा केंद्राची फळी

आता आपल्या शेताकडे. भेंडीच्या अळीवर मारलं जाणारं इमामेक्टिन बेंझोएट घ्या. त्याचं मूळ स्ट्रेप्टोमायसिसच्याच एका जातीत आहे. जपानमधल्या इतो शहराजवळच्या मातीत सातोशी ओमुरा यांना ती सापडली. त्याच पदार्थापासून गुरांच्या जंतांवरचं आयव्हरमेक्टिन निघालं आणि २०१५ चं नोबेल मिळालं. भाताच्या करप्यावरचं कासुगामायसिन जपानमधल्याच एका देवळाच्या आवारातल्या मातीतलं. शेतकरी फवारतो ते बऱ्याचदा एका जिवाणूने शेजाऱ्याला हटवण्यासाठी बनवलेलं हत्यार असतं.

याच फळीवर वर्षानुवर्षं एक लहान पुडी मिळत आली आहे. स्ट्रेप्टोमायसिन आणि टेट्रासायक्लिन एकत्र केलेली. भाताच्या कडा करप्यासाठी ती ताम्रयुक्त औषधाबरोबर मारायची सवय अनेकांना आहे. इथे दोन गोष्टी नीट समजून घ्यायला हव्यात.

एक, करपा आणि कडा करपा हे वेगळे रोग आहेत. करपा बुरशीचा. पानावर मध्ये राखाडी, दोन्हीकडे टोकदार असे डोळ्यासारखे ठिपके पडतात. कडा करपा जिवाणूचा. पान टोकाकडून आणि कडेने नागमोडी पिवळं पडत पांढरं होतं. अँटिबायोटिकची ही पुडी बुरशीला काहीच करत नाही. तरीही 'करपा आलाय' एवढंच सांगून पुडी आणली जाते, पैसे जातात आणि रोग तिथेच राहतो. पान सोबत घेऊन कृषी सहायकाला दाखवलं तर हा खर्च वाचतो. कडा करप्यालाही युरिया एकदम टाकणं हे मोठं निमंत्रण असतं. नत्र हप्त्याहप्त्याने दिलं आणि रोगट शेतातलं पाणी शेजारच्या खाचरात जाऊ दिलं नाही, तर निम्मं काम होतं.

दुसरी गोष्ट जास्त गंभीर. जिवाणू स्वतः विष सोडतो, मग तो स्वतः का मरत नाही? कारण त्याच्याकडे त्या विषापासून वाचवणारी जनुकंही असतात. विष आणि उतारा एकाच घरात. आणि जिवाणू एकमेकांना जनुकं देऊ-घेऊ शकतात. शेतात, गोठ्यात, माणसात जिथे जिथे औषधाचा मारा सतत होतो, तिथे उतारा मिळालेले जंतूच मागे उरतात. स्ट्रेप्टोमायसिनची ब्रिटनमधली मोठी चाचणी १९४८ मध्ये प्रसिद्ध झाली तेव्हाच हे दिसलं होतं. टीबीचे रुग्ण सुधारले, पण काही महिन्यांत अनेकांच्या शरीरातले जंतू औषधाला दाद देईनासे झाले. तेव्हापासून टीबीला एकच औषध कधी देत नाहीत, अनेक औषधं एकत्र देतात आणि कोर्स पूर्ण करायला सांगतात. 'बरं वाटलं' म्हणून गोळ्या मध्येच सोडणारा माणूस उतारा मिळालेले जंतू घरात वाढवत असतो.

केंद्रीय कृषी मंत्रालयाने डिसेंबर २०२१ मध्ये स्ट्रेप्टोमायसिन आणि टेट्रासायक्लिनचा शेतीतला वापर थांबवण्याचा मसुदा आदेश काढला, त्यामागे हीच काळजी आहे. १ जानेवारी २०२४ पासून वापर पूर्ण बंद करायचा, असं त्या मसुद्यात म्हटलं होतं. हंगामाआधी कृषी कार्यालयात सध्याची शिफारस विचारूनच खरेदी केलेली बरी.

याचा आपल्याशी थेट संबंध कसा, ते आवणीच्या दिवसांत कळतं. गुडघाभर चिखलात दिवसभर उभं राहायचं, पायाला चिरा पडलेल्या आणि बांधावर उंदीर. उंदराच्या लघवीतून पाण्यात येणारा लेप्टो चिरेतून अंगात शिरतो. ताप येतो, पोटऱ्या ठणकतात, डोळे लाल होतात. यावर दिली जाणारी डॉक्सिसायक्लिन ही गोळी टेट्रासायक्लिनच्याच घराण्यातली आहे. म्हणजे फवारणीच्या पुडीतलं एक औषध आणि चिखलात उभ्या असलेल्या बाईला वाचवणारी गोळी, दोघी बहिणी. जंतू एकीला सरावले तर दुसरीलाही सरावू शकतात. आवणीच्या दिवसांत ताप आला तर अंगावर काढू नये, 'चिखलात काम करते' हे डॉक्टरांना आवर्जून सांगावं आणि शेजारणीच्या उरलेल्या गोळ्या घेऊ नयेत.

राब, पालापाचोळा आणि खड्डा

राहिला प्रश्न या जिवाणूंना शेतात ठेवायचं कसं. राब भाजताना वरच्या थरातलं तण आणि किडींबरोबर धाग्यांचं खाणंही जळतं. पालापाचोळा, जुनी मुळं, शेण हेच त्यांचं खाणं. नेरळचे शेखर भडसावळे यांच्या सगुणा भात तंत्रात, ज्याला गावात नुसतं एसआरटी म्हणतात, आधीच्या पिकाची मुळं जमिनीतच ठेवतात, नांगरट करत नाहीत. तिथे धाग्यांना कुजायला आलेली मुळं आयती मिळतात. राब पूर्ण सोडणं सगळ्यांना जमेल असं नाही. डोंगरउतारावर, तण जास्त असलेल्या रोपवाटिकेत लोक त्याला का धरून आहेत, हे समजण्यासारखं आहे. पण सगळा पालापाचोळा राबात न घालता थोडा खड्ड्यात गेला तर फरक पडतो.

खड्डा तयार झाला की नाही, हे बघायला नाक पुरे. उघडल्यावर नाकाला झोंबणारा, अमोनियाचा वास आला तर ते अजून कच्चं आहे, झाकून ठेवा. पांढुरके धागे दिसले आणि पहिल्या पावसासारखा वास आला, की गाडी भरायला घ्या.